गच्चीवरचा कोबा आणि तहानलेली खडी : कोथरूडच्या साइटवरच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीला गावी गेलेली माणसं अजून निम्मीच परतली आहेत. आज साइटवर सोसायटीचे सेक्रेटरी काका, मुकादम, मी आणि रिकामी इमारत. तळमजला अधिक तीन मजले, १९८३ सालचं बांधकाम, सोळा सदनिका. ही पाडून इथे पार्किंगवर सात मजले चढायचे आहेत.

नेहमीची पद्धत अशी की पाडकाम ठेक्याने द्यायचं, दारं-खिडक्या आणि सळई ठेकेदाराची, आणि राडारोडा तो कुठे टाकतो हे आपण विचारायचं नाही. नदीपात्राच्या कडेने कधी गाडी नेली की उत्तर दिसतंच. यावेळी मी मालकांकडे हट्ट धरला. काँक्रीट वेगळं काढू, फोडू, चाळू आणि जिथे चालतं तिथे खडी म्हणून वापरू. मालक म्हणाले, "खर्च वाढला तर तुझ्या पगारातून." हसत म्हणाले, पण म्हणाले.

कुठे चालतं हे आयएस ३८३, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, सांगतं. १९७० च्या आवृत्तीच्या नावातच 'नैसर्गिक स्रोतांपासूनची' असं होतं, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा. २०१६ च्या आवृत्तीत ते शब्द गेले आणि फोडलेल्या काँक्रीटला दार उघडलं. सताड नाही, किलकिलं. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम २५ पर्यंतच ('एम' पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद). एम १५ च्या खालच्या, कमी सिमेंटच्या हलक्या काँक्रीटमध्ये मात्र शंभर टक्के. आणि वीट, फरशी, गिलावा मिसळलेला राडारोडा असेल तर तो फक्त त्या हलक्या काँक्रीटमध्ये, बाकी कुठेच नाही.

संध्याकाळी स्ट्रक्चरल कन्सल्टंट सरांना फोन. इमारतीचे कॉलम-स्लॅब एम ३० चे आहेत, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटवरून येणार, तिथे हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं. मी मागतही नव्हतो. उरलं ते फुटिंगखालचं (पायाखालचं) पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, एम १०, आणि कंपाउंड वॉलचं आरसीसी, सळईचं, एम २०. पहिल्यात पूर्ण, दुसऱ्यात २० टक्के. "आधी क्यूब दाखव, मग बोलू." क्यूब म्हणजे काँक्रीटचे ठोकळे; ठरलेल्या दिवशी दाबून फोडायचे आणि ताकद मोजायची.

म्हणजे जुन्या इमारतीतून नवी इमारत वगैरे काही नाही. जुन्या इमारतीच्या अंगावर नवी उभी राहील, एवढंच.

६ नोव्हेंबर

आतलं सोलणं सुरू. सागवानी दारं, ग्रिल, शहाबादी फरशी, कडाप्प्याचे ओटे वेगळे काढले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांना त्यांच्या ओट्याचा कडाप्पा हवा होता. सोळा घरांचे ओटे एकावर एक रचलेले; काळे, सगळे सारखेच. आजींनी एका फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं, टवका उडालेला भाग दाखवला आणि म्हणाल्या, "हा. इथे खलबत्ता पडला होता." रिक्षातून नेला.

चार सदनिकांत पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. ते आधी निघालं पाहिजे, तुकडा-तुकडा, गोण्यांत भरून. पीओपी म्हणजे जिप्सम, जिप्सम म्हणजे सल्फेट. ते खडीत गेलं तर नव्या सिमेंटशी जुळून आतून फुगतं आणि काँक्रीट तडकतं. पोरांना हे 'साखरेच्या डब्यात मीठ' असं समजावलं. कळलं असावं.

११ नोव्हेंबर

आजचा अख्खा दिवस गच्चीवर. पुण्यातल्या त्या काळच्या बहुतेक इमारतींसारखा इथेही स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा आहे. विटांचे तुकडे उभे-आडवे लावून वर सिमेंटचा मसाला, त्यावर दोरीने आखलेल्या चौकटी. पाणी अडवायला उत्तम होता, चाळीस वर्षं अडवलंही. पण पोकलेनचा ब्रेकर थेट स्लॅबवर चालला की विटा आणि काँक्रीट एकजीव होऊन खाली येणार, आणि मग ती खडी मानकाच्या भाषेत 'मिश्र' होणार. म्हणजे कंपाउंड वॉलमधून बाद.

म्हणून गच्चीवर सहा माणसं, हातातले ब्रेकर. कोबा आधी, स्लॅब नंतर. पाडकामवाल्याने तोंड वाकडं केलं. त्याचा हिशोब दिवसांवर, माझा ढिगाच्या रंगावर. तीन दिवस जास्त लागणार, त्याचे पैसे वेगळे ठरले.

कोब्याखाली स्लॅबच्या काँक्रीटला एका जागी जुनी गळती होती. तिथे पांढरे फुगीर फुटवे, चुन्याचे. बोटाने चोळले तर पीठ.

१३ नोव्हेंबर

गच्ची झाली, तर संडास-बाथरूमचे सन्क, म्हणजे खाली दबवलेले स्लॅब, राहिले होते. त्यांच्या पोटातही विटांचे तुकडेच भरलेले. सोळा सदनिका, बत्तीस सन्क. हे माझ्या यादीत नव्हतं. मुकादमांनी दाखवलं.

१९ नोव्हेंबर

कॉलम तुटायला लागले. आज एक चांगला प्रयोग झाला, तो नीट लिहून ठेवतो.

तळमजल्याचा एक कॉलम ब्रेकरने आडवा मोडला. मोडलेला ताजा चेहरा ब्रशने झाडला आणि त्यावर फिनॉल्फ्थेलीन फवारलं, शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. काही सेकंदांत मधला भाग राणी रंगाचा झाला, गच्च. बाहेरची कड मात्र तशीच राखाडी. पट्टी लावली : कुठे ३० मिमी, कुठे ३५. तिथपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून काँक्रीटचा अल्कलीपणा संपवून गेला आहे. सळया कडेपासून २५ मिमीवर. म्हणजे राखाडी पट्ट्यातच. त्या गंजलेल्या होत्या यात नवल नाही. इमारत का पाडावी लागली ते एका फवाऱ्यात दिसलं.

पोरं जमली. एकाने विचारलं, मग हे काँक्रीट खराब ना? सळईसाठी खराब, हो. खडीसाठी नाही. उलट तो कार्बोनेट जुन्या मसाल्याची भोकं थोडी बुजवतो. सळईचं संरक्षण गेलं म्हणून दगडाचं काही जात नाही.

मोडलेल्या तोंडात खडी आमचीच, दख्खनचा काळा दगड, कोपरे अजून तीक्ष्ण. पण वाळू नदीची. गोल कण, मधेच शिंपल्याचा चमकता तुकडा. आता साइटवर क्रश सँडच येते; आमच्या नव्या पोरांपैकी दोघांनी नदीची वाळू काँक्रीटमध्ये आज पहिल्यांदा पाहिली.

२४ नोव्हेंबर

काँक्रीटचे तीन ढीग केलेत. सकाळी येऊन पाहतो तर त्यांतल्या तीन नंबरच्या ढिगावर कुणीतरी रात्रीत एक डंपर रिकामा करून गेलेलं. ग्लेझ्ड टाइल, थर्माकोल, कमोडचा अर्धा तुकडा, पीओपीच्या नक्षीदार पट्ट्या. राडारोड्याचा ढीग दिसला की लोकांना ती कचराकुंडीच वाटते. रखवालदार म्हणतो मला डुलकी लागली. माझी चूक जास्त : गेट नव्हतं, नुसती दोरी.

दिवसभर आठ माणसं हाताने वेचत बसली. दिसलं ते सगळं काढलं. दिसलं ते.

२६ नोव्हेंबर

पत्र्याचं गेट लागलं. विटा, कोबा, गिलावा, टाइलचा माल महापालिकेच्या वाघोलीच्या प्रकल्पाकडे रवाना. कोथरूडहून वाघोली म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला, आणि हायवा डंपरला दिवसा शहरात शिरायला बंदी. रात्रीच्या फेऱ्या. चालकांची कुरकुर रास्त आहे.

राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि वीट-गिलावा असे चार ढीग वेगळे ठेवायचे असतात. म्हणजे आम्ही जे 'वेगळं' करतोय ते खरं तर नऊ वर्षांपूर्वीच सक्तीचं होतं.

२ डिसेंबर

क्रशर. पिरंगुटच्या पुढे मालकांचं यार्ड आहे, तिथे भाड्याने सोळा-नऊचा (१६ बाय ९ इंच तोंडाचा) जॉ क्रशर आणला. शहरात तो चालवला असता तर अर्ध्या तासात पोलीस आले असते. आवाजापेक्षा धुळीसाठी. पाण्याचे तीन फवारे लावले तरी दुपारी आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.

फूटभर गोळे आधी ब्रेकरने फोडावे लागतात, नाहीतर जबड्यात अडकतात. सळईचे तुकडे आणि बांधणीची तार राहतेच. पट्ट्यावर चुंबक टांगलं, संध्याकाळी त्याला तारेची दाढी आली होती. दहा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गोळ्यांतून चाळणीनंतर २० मिमीची खडी साडेपाच ब्रासच्या आसपास. १० मिमी थोडी. बाकी बारीक. एवढं बारीक होईल असं वाटलं नव्हतं. दगड फुटत नाही, त्याच्याभोवतीचा जुना मसाला फुटतो आणि त्याचं पीठ होतं.

४.७५ मिमीच्या खालचा माल काँक्रीटमध्ये घ्यायचा नाही असं मी ठरवलं. मानक थोडा घेऊ देतं, पण त्यात निव्वळ जुनं सिमेंटच भरलेलं असतं आणि ते स्पंजासारखं पाणी ओढतं. आतल्या रस्त्याच्या भरावाला जाईल.

५ डिसेंबर

साइटच्या केबिनमध्ये छोटी प्रयोगशाळा. पाणी शोषण, खडीच्या चाचण्यांचं मानक आयएस २३८६, त्याच्या भाग ३ प्रमाणे.

खडी जाळीच्या टोपलीत घालून पाण्यात सोडली आणि कान लावला. खरंच कान लावला. काळी नवी खडी गप्प बसते. ही मात्र सोडावॉटरसारखी बुडबुडे सोडत बसली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रत्येक दगडाला जुन्या मसाल्याचा राखाडी कोट आहे आणि त्या कोटात हवा आहे. पाणी आत शिरतं, हवा बाहेर येते.

२४ तासांनी बाहेर काढून फडक्याने पुसली. पृष्ठभाग कोरडा म्हणजे किती कोरडा, यावर आमच्या केबिनमध्ये दरवेळी भांडण होतं. चमक गेली की थांबायचं, हा माझा नियम. वजन २१०४ ग्रॅम. भट्टीत वाळवून २००० ग्रॅम. शोषण ५.२ टक्के. नव्या खडीचं त्याच फडक्याने, त्याच काट्यावर १.२.

मानकाची मर्यादा ५ टक्के. फोडलेल्या काँक्रीटच्या खडीला १० पर्यंत सूट, पण आधी भिजवून घ्यायच्या अटीवर. या अटीकडे मी तेव्हा ओझरतं पाहिलं. चार दिवसांनी नीट पाहिलं.

आघात मूल्य (ठोक्यांनी किती चुरा होतो ते) २४ टक्के, नवीचं १३. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागासाठी ३० आणि बाकीसाठी ४५ ची मर्यादा, म्हणजे ताकदीत ही नापास नाही. विशिष्ट गुरुत्व २.४६, नवीचं २.८ च्या वर. हातात घेतली तरी हलकी लागते.

सल्फेट-क्लोराइडसाठी तिन्ही ढिगांचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत दिले. पुण्यात क्लोराइडची मला काळजी नाही. रत्नागिरी-मालवणात समुद्राकाठची इमारत फोडत असतो तर झोप लागली नसती.

९ डिसेंबर

पहिली ट्रायल. फसली.

एम २०, गोणीमागे : सिमेंट ५० किलो, पाणी २५ लिटर, क्रश सँड ११५ किलो, खडी १७५ किलो. मिश्रण 'अ' नव्या खडीचं. मिश्रण 'ब' मध्ये १७५ पैकी ३५ किलो आमची, कोरडीच टाकली. 'अ' चा स्लम्प (शंकू उचलल्यावर माल किती खाली बसतो ते) ९५ मिमी. 'ब' चा काढल्याकाढल्या ८०, म्हटलं छान. वीस मिनिटांनी पुन्हा घेतला तर ३५. शंकू उचलला तरी माल उभाच, देवळाच्या कळसासारखा.

मी क्यूबचे साचे घासत पाठमोरा होतो. मिक्सरवाल्याने माल घट्ट झालेला बघून नेहमीच्या सवयीने डबाभर पाणी ओतलं. नंतर मोजलं, डबा चार लिटरचा. त्याला काय बोलणार, वीस वर्षं तो डोळ्यांनीच काँक्रीट करतोय आणि नव्या खडीला त्याचा डोळा बरोबर असतो. ३५ किलोला ५.२ टक्के म्हणजे पावणेदोन लिटर खडीने प्यायलं. त्याने परत दिलं चार. वरचे सव्वादोन लिटर सिमेंटच्या मुळावर.

क्यूब तरीही भरले आणि त्यांवर 'ब' लिहिलं. फसलेल्याचा आकडा हवाच.

१० डिसेंबर

रात्री बसून पीसीसीचा हिशोब केला आणि घाम फुटला. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं मानक) मधल्या एम १० च्या ठरीव मिश्रणात गोणीमागे ४८० किलो वाळू-खडी आणि ३४ लिटर पाणी. त्यातली ३२० किलो खडी, सगळी आमची. ३२० चे ५.२ टक्के : साडेसोळा लिटरपेक्षा जास्त. म्हणजे ३४ पैकी जवळपास निम्मं पाणी खडीच पिऊन बसणार.

एम २० मध्ये जे चिमूटभर वाटलं ते इथे ताटभर आहे.

११ डिसेंबर

काल संध्याकाळी खडीवर पाइपने फवारा, दोन तास, मग बारदान टाकून झाकली. सकाळी सात वाजता बारदान काढलं तेव्हा ढिगातून वाफ निघत होती. थंडी चांगली पडली आहे.

आता उलटा प्रश्न : किती ओली? शोषलेलं पाणी काँक्रीटच्या हिशोबात येत नाही, पण अंगावर चिकटलेलं येतं. मुकादमांच्या खोलीतली शेगडी आणि लोखंडी कढई आणली. २००० ग्रॅम ओली खडी घालून भाजायला घेतली. झाऱ्याने हलवत राहायचं, वर काच धरायची, काचेवर दव धरेनासं झालं की वजन. १८८६ ग्रॅम. ओलावा सहा टक्के, त्यातलं ५.२ दगडाच्या पोटात, उरलेलं पाऊण टक्क्याहून थोडं जास्त अंगावर. पीसीसीच्या गोणीमागे ते अडीच लिटर होतं, तेवढं मिक्सरच्या पाण्यातून कमी. मुकादमांच्या बायकोने कढई परत घेताना तळाकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे. नवी घेऊन द्यायची आहे.

पाणी घालायची पद्धतही बदलली. खडी, वाळू आणि निम्मं पाणी आधी, एक मिनिट फिरवायचं; मग सिमेंट; मग उरलेलं पाणी. ही दोन टप्प्यांची पद्धत हाँगकाँगच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडली. पहिल्या टप्प्यात सिमेंटची पातळ राबडी जुन्या मसाल्याच्या भेगांत शिरते आणि कोट घट्ट होतो, असा तर्क. आपल्याला महाग पडत नाही, फक्त मिक्सरवाल्याची सवय मोडावी लागते, आणि तेच सगळ्यात महाग.

मिश्रण 'क' : २० टक्के, भिजवलेली, दोन टप्पे. स्लम्प ९०, वीस मिनिटांनी ७०. डबा मी माझ्या पायाशी ठेवला होता. मिश्रण 'ड' : ५० टक्के, कुठेही वापरायचं नाही, निव्वळ माझी खाज. शिवाय एम १० चे सहा क्यूब.

१८ डिसेंबर

सात दिवसांचे आकडे, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. अ १९.८. ब १५.९. क १९.१. ड १७.६. आम्ही पीपीसी सिमेंट वापरतो, ते सुरुवातीला सुस्त असतं, म्हणून आज निकाल लावायचा नाही. पण 'ब' कुठे चाललाय ते दिसतंय.

२२ डिसेंबर

प्रयोगशाळेचा अहवाल. ढीग एक आणि दोनमध्ये सल्फेट ०.२ टक्क्याच्या आसपास. मर्यादा ०.५. ढीग तीन : ०.७.

रात्रीचा डंपर. पीओपीच्या पट्ट्या आम्ही वेचल्या, पण भुगा खालपर्यंत उतरला होता आणि क्रशरमधून सगळीकडे सारखा पसरला. तीन नंबरची चार ब्रास खडी गेली. प्लिंथच्या भरावात टाकू का, असं सुपरवायझरने विचारलं. नाही. पायाशेजारी सल्फेट ठेवायचं आणि वर पावसाची वाट बघायची, हे उद्योग नकोत. वाघोलीला.

रखवालदाराला मी काही बोललो नाही. अहवालाची झेरॉक्स गेटच्या आतल्या बाजूला लावली आहे.

६ जानेवारी २०२६

९ तारखेच्या क्यूबचे २८ दिवस भरले. अ ३०.४. ब २४.७. एम २० साठी आमचं लक्ष्य २६.६ आहे, म्हणजे २० अधिक १.६५ गुणिले ४ (हे ४ म्हणजे आकड्यांच्या चढउतारासाठी मानकाने धरलेलं माप). 'ब' वीसच्या वर आहे म्हणून कुणी खूश होईल, मी नाही. प्रत्यक्ष कामात मापं याहून ढिली असतात.

फुटलेल्या क्यूबचे तुकडे उन्हात घेऊन पाहिले. नव्या खडीच्या क्यूबमध्ये भेग दगडाला वळसा घालून जाते. आमच्या खडीच्या जागी ती जुन्या मसाल्यातून आरपार गेली आहे. दगड शाबूत, त्याचा जुना कोट चिरलेला.

८ जानेवारी

क : २९.१. ड : २६.८. एम १० : १४.६.

'अ' आणि 'क' मध्ये फरक सव्वा-दीडचा. 'ब' आणि 'क' मध्ये साडेचारचा. खडी तीच, टक्के तेच, सिमेंट तेच.

सरांनी आकडे पाहिले, 'ड' वर बोट ठेवलं. मी आधीच म्हटलं, "सर, तो फक्त बघायला." ते म्हणाले, "ताकद आली म्हणून भुलू नकोस. ही खडी जास्त असली की काँक्रीट जास्त आकसतं, भार आला की जास्त लवतं. क्यूब ते सांगत नाही." मग सही केली. पीसीसीला पूर्ण, कंपाउंड वॉलला २० टक्के, खडी भिजवण्याची आणि रोज कढईत भाजण्याची नोंद वहीत हवी.

१२ जानेवारी

पीसीसी सुरू. १५० मिमी जाड, नऊ फुटिंग झाली. माल थोडा खरखरीत, थापीला चिकटत नाही, गवंडी म्हणतात "तोंडाला चव नाही." पण बसतो चांगला. रंग नेहमीपेक्षा उजळ.

जेवणाच्या सुट्टीत मुकादमांनी सांगितलं, त्यांचे आजोबा बार्शीकडे चुन्याची घाणी चालवायचे. बैल गोल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना आणि सुरखी. सुरखी कशाची? फुटक्या विटांची. "साहेब, तुमचं नवं काय आहे यात?" जर्मनीतही युद्धानंतर बेचिराख शहरांतल्या विटा फोडून काँक्रीट केलं, १९५१ मध्ये त्याचं मानकही काढलं, हे मला माहीत होतं, पण आजोबांच्या बैलापुढे मी ते काढलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. निम्मी सुट्टी. दोन फुटिंग. पाइप कुणीतरी बंद करून ठेवला, त्यामुळे उद्याची खडी कोरडी. उद्या पीसीसी नाही.

२० जानेवारी

पीसीसी संपलं. मालकांनी हिशोब मागितला. नवी खडी इथे पोहोच पडते त्यापेक्षा आमची ब्रासमागे फार तर दोन-अडीचशे रुपयांनी स्वस्त पडली. क्रशरचं भाडं, डिझेल, कोब्याची जास्तीची मजुरी धरून आणि तीन नंबरचा ढीग वजा जाऊन. खडीच्या किमतीत पैसे वाचले असं म्हणणं म्हणजे थाप. वाचले ते वाहतुकीत : जेवढे ब्रास पिरंगुटला गेले तेवढ्या फेऱ्या वाघोलीला जायच्या वाचल्या. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि "पगार वाचला तुझा" म्हणाले.

९ फेब्रुवारी

पीसीसीच्या साइटवरच्या क्यूबचे २८ दिवस. १३.९, १४.८, १३.२. दहाला पुरेसं.

कंपाउंड वॉलची फुटिंग पूर्ण, कॉलमची सळई बांधली. मिक्सरवाला आता सकाळी आल्यावर आधी ढिगात हात खुपसतो आणि मला सांगतो, "आज भाजायला नको, कालइतकीच आहे." आम्ही तरी भाजतो. परवा त्याचा अंदाज बरोबर निघाला, आज अर्ध्या टक्क्याने चुकला.

आर्किटेक्ट मॅडम विचारत होत्या की १ एप्रिलपासून लागू होणारे राडारोड्याचे २०२५ चे नवे नियम आपल्याला लागतात का. त्यांतली उत्पादक-जबाबदारीची लक्ष्यं २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांसाठी. आम्ही त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

१२ फेब्रुवारी

दुपारी शेजारच्या गल्लीतल्या सोसायटीचे चेअरमन आले. त्यांचीही इमारत त्याच सुमाराची, मेमध्ये पाडणार. आमच्यासारखंच करायचं म्हणतात, किती खडी निघेल असं विचारत होते. मी म्हटलं, आधी गच्चीवर जाऊ. मुकादम तोवर जिन्यापर्यंत पोहोचले होते, हातात छिन्नी-हातोडा घेऊन.

कोबा आहे. साडेचार इंच.